जुन्या गाडीचं रबर फेकू नका

गेल्या जूनमध्ये पुण्याहून मामांचा व्हिडिओ कॉल आला. पहिला मोठा पाऊस नुकताच पडून गेला होता. मामांनी फोन थेट त्यांच्या प्रीमियर पद्मिनीच्या आत धरला आणि म्हणाले, "बघ. काचा बंद, दारं बंद, तरी आत तळं. तू रबरातला डॉक्टर ना? मग सांग आता काय करायचं."

मी इंग्लंडमध्ये पॉलिमरवर काम करतो. घरच्यांच्या हिशोबात त्याचा अर्थ 'रबरातला डॉक्टर' असा होतो. मी विचारलं, दाराचं जुनं रबर कुठे आहे? कळलं ते असं: पावसाळ्याआधी एका गॅरेजमध्ये पुढच्या दोन्ही दारांचं रबर काढून टाकलं होतं आणि मीटरवर मिळणारं कुठलंतरी 'युनिव्हर्सल' बीडिंग चिकटवलं होतं. आता दार आपटल्याशिवाय लागत नव्हतं, आणि लागलं तरी खालच्या कोपऱ्यातून पाणी येत होतं. "आणि जुना तुकडा?" "तो कोण ठेवतो रे? भुगा झाला होता त्याचा."

तो भुगा म्हणजे त्या रबराचं आमच्या हातातलं एकमेव ड्रॉइंग होतं. आज सांगायचंय ते एवढंच, पण ते का, हे कळायला थोडं रबराच्या आत शिरावं लागेल. तुमच्यापैकी कुणाची घरी आजोबांची फियाट उभी असेल, कुणी इकडे ब्रिटनमध्ये हौसेने मॉरिस मायनर किंवा एमजीबी घेतली असेल. गाडी कुठलीही असो, अडचण तीच आहे.

एवढ्याशा पट्टीवर काय अवलंबून असतं?

जुन्या गाडीत रबर कुठे कुठे असतं ते एकदा मोजून बघा. पुढची आणि मागची काच ज्यात बसते ते रबर, दारांभोवतीचं बीडिंग, काच वरखाली सरकते त्या खाचेतली पट्टी, डिकीच्या झाकणाभोवतीचं रबर, वायर पत्र्यातून आरपार जाते तिथली छोटी बुचं. इंजिन आणि ब्रेकमधलं रबर वेगळंच, त्यात आज शिरत नाही.

आता पुढच्या काचेचं रबर कडक झालं असं समजा. पाणी त्याच्या ओठाखालून आत शिरतं, डॅशबोर्डच्या मागून खाली उतरतं आणि पायाखालच्या चटईखाली जाऊन बसतं. चटईखालचा जाड नमदा ते पाणी स्पंजसारखं धरून ठेवतो. वरून सगळं कोरडं दिसतं, खाली पत्रा आठवडाभर ओला असतो. फियाट ११०० काय किंवा मॉरिस मायनर काय, या गाड्यांना वेगळी चासी नसते. बॉडीचा पत्राच सगळा भार घेतो. म्हणजे तळाचा गंज हा दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीच्या हाडांचा प्रश्न होतो. रबर आधी जातं, मग पत्रा जातो, आणि पत्र्याचं काम रबराच्या कितीतरी पट महाग असतं.

रबर का मरतं?

नैसर्गिक रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता. कच्चं असताना या साखळ्या एकमेकींवरून घसरतात, म्हणून ते उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होतं. गंधक घालून तापवलं की साखळ्यांमध्ये मध्येमध्ये पूल बांधले जातात आणि रबर ताणून सोडल्यावर परत जागेवर येतं. हेच व्हल्कनायझेशन. अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला ते १८३९ मध्ये सापडलं. १८४४ साली त्याला तिकडे पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकलाही मिळालं.

पण या साखळ्यांमध्ये एक कच्चा दुवा आहे. नैसर्गिक रबराच्या मुख्य साखळीत ठराविक अंतरावर कार्बनचे दुहेरी बंध असतात. हवेतला ओझोन नेमका तिथेच घाव घालतो आणि साखळी तुटते. ओझोन फक्त वर आकाशात असतो असं नाही. वाहनांचा धूर आणि ऊन यांच्यातून तो रस्त्यावरही तयार होतो. रबर ताणलेलं असेल तर तुटलेली टोकं एकमेकांपासून लांब जातात आणि खाली नवा, न झिजलेला भाग उघडा पडतो. मग तिथे पुढचा घाव. म्हणून जुन्या रबरावरचे तडे नेहमी ताणाच्या आडव्या दिशेत असतात. काचेच्या कोपऱ्यावर वळलेलं रबर बघा, तडे तिथेच सगळ्यात आधी दिसतील.

ऑक्सिजनचं काम हळू चालतं. उष्णतेबरोबर तो साखळ्या तोडतो किंवा नको तितके पूल बांधतो. पूल वाढले की रबर कडक होतं. वर्षानुवर्षं दबून राहिलेलं रबर दबलेल्या आकारातच थिजतं. दार उघडलं तरी ते फुलत नाही, मग दार लावल्यावर फट भरणार कशी?

कारखान्यात यावर उपाय केलेले असतात. काजळी घालतात, तिने रबर मजबूत होतं आणि ऊनही अडतं. शिवाय मेण घालतात, ते हळूहळू पृष्ठभागावर येऊन ओझोनपुढे पातळ पडदा धरतं. नव्या रबरावर कधी कधी पांढुरकी साय दिसते, ती बऱ्याचदा हेच मेण असतं. ती बुरशी समजून घासून काढू नका.

थोडक्यात, तुमच्या रबराचं नशीब ते गाडीला लागण्याआधीपासूनच ठरत आलेलं असतं. तुम्ही वेग कमी करू शकता, थांबवू शकत नाही. संग्रहालयांनाही ते जमत नाही. मौल्यवान रबरी वस्तू अंधारात, थंडीत, ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्यांसह बंद पिशवीत ठेवून तीही फक्त वेळ वाढवून घेतात.

मग नवीन का मिळत नाही?

मिळतं, पण सगळ्यांना सारखं नाही. रबर बनतं कसं ते आठवा, म्हणजे कारण कळेल. दाराचं बीडिंग चकलीसारखं बनतं. सोऱ्यात पीठ भरायचं, दाबायचं, ताटलीच्या भोकाचा आकार घेऊन लांब दोरी बाहेर येते. इथे ताटलीच्या जागी पोलादी डाय असते आणि तळण्याच्या जागी व्हल्कनायझेशन. उलट वायरचं बुच किंवा पेडलचं रबर मोदकासारखं बनतं. बंद साच्यात घालायचं, दाबायचं, तापवायचं.

डाय तुलनेने स्वस्त असते, साचा बराच महाग. पण डाय बनवली तरी मशीन दहा मीटरसाठी कुणी लावत नाही. रबर मिसळणं, मशीन गरम करणं, सुरुवातीचं वाया जाणारं रबर, हे सगळं एकदाच करून शेकडो मीटर काढले तरच परवडतं. म्हणजे प्रश्न रबराचा कमी आणि गिऱ्हाइकांच्या संख्येचा जास्त.

मॉरिस मायनर १९४८ पासून १९७१ पर्यंत पंधरा लाखांहून जास्त बनल्या. मालकांचे क्लब आहेत, सुट्या भागांचे विक्रेते आहेत, म्हणून तिचं जवळजवळ प्रत्येक रबर आज नव्याने बनवलेलं मिळतं. एमजीबीची तर आख्खी बॉडी १९८८ पासून जुन्याच साच्यांवर पुन्हा बनू लागली, कारण ब्रिटिश मोटर हेरिटेजने ते साचे जपले. पत्र्याच्या साच्यांना निदान गाडीच्या कंपनीच्या आवारात जागा असते. रबराची डाय बहुतेक वेळा बाहेरच्या पुरवठादाराकडे असते. ऑर्डर बंद झाली की ती भंगारात जाते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

पद्मिनीचं दुखणं वेगळं. कुर्ल्याच्या कारखान्यात ती चाळीस वर्षांच्या आसपास बनत राहिली, आधी फियाट ११०० डिलाइट म्हणून, मग प्रेसिडेंट, मग पद्मिनी. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी जोवर रोज धावत होत्या तोवर तिचं रबर म्हणजे कांदे-बटाट्यासारखा रोजचा माल होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत संपली. रोजचं गिऱ्हाईक गेलं. उरले मामांसारखे लोक, विखुरलेले, एकेक गाडी घेऊन बसलेले.

नावावर जाऊ नका, छेद बघा

इंग्लंडमध्ये बसून मला पहिल्यांदा सुचलं ते सोपं होतं: पद्मिनी म्हणजे मूळची इटालियन फियाट ११०० डी, मग इटलीतून मागवू. विचार चुकीचा नाही, पण त्यात खड्डा आहे. 'फियाट ११००' हे नाव अनेक वर्षं अनेक गाड्यांना होतं. मुंबईत जिला 'डुक्कर फियाट' म्हणायचे, तिचं पुढचं दार उलटं, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेलं. पद्मिनीचं तसं नाही. नाव एकच, दार वेगळं, रबर वेगळं. ॲम्बॅसेडरचंही तेच. ती मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३ वरून आली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली, त्यामुळे ब्रिटनमधल्या ऑक्सफर्डवाल्याने कोलकात्याच्या मल्लिक बाजारात शोधणं शहाणपणाचं आहे. पण इतक्या वर्षांत काय काय बदललं असेल हे नावावरून कळत नाही. मोजूनच बघावं लागतं.

मोजायचं काय? छेद. बाकरवडी आडवी कापल्यावर आतली गुंडाळी दिसते ना, तसा रबराचा आडवा काप. तो असा घ्या:

१. जुन्या पट्टीचा सगळ्यात कमी खराब झालेला भाग शोधा. पट्टीखाली झाकलेला, सावलीतला, कमी दबलेला. कोपरा नको.

२. धारदार नव्या ब्लेडने, साबणाचं पाणी लावून, काटकोनात पातळ काप घ्या. पाच-सहा सेंटीमीटरचा तुकडा वेगळा ठेवा.

३. काप पांढऱ्या कागदावर ठेवून शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा आणि बरोबर वरून फोटो काढा. तिरका फोटो निरुपयोगी. स्कॅनर असेल तर आणखी चांगलं.

४. व्हर्नियरने तीन मापं नक्की घ्या: पत्रा बसतो त्या खाचेची रुंदी, काच बसते त्या खाचेची रुंदी, आणि मोकळ्या फुग्याची किंवा ओठाची उंची. व्हर्नियरने रबर दाबू नका.

५. गाडीवरचीही मापं घ्या: पत्र्याच्या कडेची जाडी, काचेची जाडी, दार लावल्यावर उरणारी फट. फटीसाठी मळलेल्या कणकेची गोळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दारात ठेवा, दार हळू लावा, चपटी झालेली गोळी मोजा.

पाचवा मुद्दा विसरू नका. जुना तुकडा आक्रसलेला किंवा दबलेला असतो, पण पत्रा खोटं बोलत नाही. आणि काच कधी बदलली असेल तर तिची जाडी मूळच्या काचेइतकी असेलच असं नाही. मग मूळ मापाचं रबरही बसणार नाही.

कुठलं रबर मागायचं?

दुकानात 'चांगलं रबर आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. ऊन-पावसात राहणाऱ्या पट्टीसाठी आज बहुतेक ठिकाणी ईपीडीएम वापरतात. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, जे असतात ते बाजूला लोंबणाऱ्या शाखेत. त्यामुळे ओझोनला मुख्य साखळी तोडता येत नाही. पण ईपीडीएमला पेट्रोल आणि खनिज तेल सोसत नाही, ते फुगतं. जिथे तेलाचा शिंतोडा उडतो तिथे निओप्रीन बरं, इंधनाच्या जागी नायट्राईल.

दुसरी गोष्ट मऊपणा. तो शोअर ए या मापाने सांगतात, आकडा जितका मोठा तितकं रबर कडक. काच धरणारं रबर साधारण ६० ते ७० चालतं. दाराचा फुगा मात्र स्पंजसारखा हवा, त्यात हवेचे बारीक कण असतात. मामांच्या दारात हाच घोटाळा होता. आकार जवळपास बरोबर, पण भरीव रबर. ते दबेना, म्हणून दार आपटावं लागत होतं, आणि जिथे फट मोठी होती तिथे ते पोचतच नव्हतं.

घेण्याआधी नमुन्याचा तुकडा मागा. दोन लाकडी ठोकळ्यांत पाऊण जाडी उरेल इतका दाबून शिकंज्यात रात्रभर उबदार जागी ठेवा. सकाळी सोडा, अर्ध्या तासाने मोजा. जवळपास मूळ जाडीवर आला तर चांगला. दबलेलाच राहिला तर दारातही तेच होणार. हा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा घरगुती भाऊ आहे, पण वाईट माल ओळखायला पुरतो.

मिळालंच नाही तर

मग बनवून घ्यायचं, पण एकट्याने नाही. तुमच्याच मॉडेलचे दहा-पंधरा मालक गोळा करा. छेदाचं ड्रॉइंग, जुना तुकडा, रबराचा प्रकार, शोअर ए चा आकडा आणि एकूण मीटर, एवढं घेऊन रबर एक्स्ट्रूजन करणाऱ्या छोट्या कारखान्यात जा. डायचं भोक हुबेहूब छेदासारखं नसतं, कारण चकली सोऱ्यातून बाहेर आल्यावर फुगते तसं रबरही फुगतं. ते गणित कारागिराचं आहे. तुमचं काम पहिला नमुना गाडीवर लावून बघण्याचं, आणि तो बसेपर्यंत पूर्ण ऑर्डर न देण्याचं. डाय कुणाच्या नावावर राहणार हेही आधीच लिहून घ्या. नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

बसवताना पट्टी ताणू नका, उलट किंचित जास्त लांबीची घेऊन आत ढकलत बसवा. ताणून बसवलेली पट्टी काही महिन्यांत आक्रसते, सांधा उघडतो, आणि ताणलेल्या रबरावर ओझोन कसा तुटून पडतो ते आपण पाहिलंच. त्याआधी पत्र्याची कड साफ करून गंज काढा आणि प्रायमर मारा. नवं रबर गंजावर बसवणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

जपायचं कसं?

गाडीवरच्या रबराला महिन्यातून एकदा साध्या साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं, मग सिलिकॉनचं किंवा ग्लिसरीनचं पातळ पुसणं. चकाकी यावी म्हणून रॉकेल, डिझेल, ग्रीस, पेट्रोलियम जेली असलं काही लावू नका. दोन दिवस छान दिसतं, मग रबर फुगून मऊ पडतं. खोबरेल तेलही केसांनाच ठेवा.

आणि साठवलेलं रबर? इथे बरेच हौशी लोक फसतात. स्वस्तात मिळालं म्हणून तीन सेट घेऊन माळ्यावर टाकतात आणि दहा वर्षांनी उघडतात तेव्हा पाकिटातच तडे. रबर साठवण्याचं आयएसओ २२३० नावाचं मानक आहे. त्यात नैसर्गिक रबराच्या भागांना सुरुवातीची मुदत ५ वर्षं, निओप्रीन आणि नायट्राईलला ७, ईपीडीएम आणि सिलिकॉनला १० वर्षं दिलेली आहे. तीही २५ अंशांखाली, अंधारात, न ताणता, न मुडपता ठेवलं तर. म्हणजे खिळ्याला टांगायचं नाही, घडी घालायची नाही, मोठ्या वळणाने सैल गुंडाळून थोडी टाल्कम पावडर लावून ठेवायचं. वेल्डिंग मशीन किंवा ठिणग्या उडणारी मोटर असलेल्या खोलीत नको, तिथे ओझोन तयार होतो. पाकिटावर खरेदीची तारीख लिहा.

म्हणून मी म्हणतो, सुटं रबर साठवण्यापेक्षा त्याचा आकार साठवा. रबर कितीही जपलं तरी जाणार. छेदाचं ड्रॉइंग, फटीची मापं, रबराचा प्रकार आणि मऊपणा, हे कागदावर असेल तर ते कुणालाही कधीही पुन्हा बनवता येतं.

मामांच्या गाडीचं काय झालं? नशिबाने मागच्या दारांना गॅरेजवाल्याने हात लावला नव्हता. डाव्या मागच्या दाराला, खालच्या पट्टीच्या आड, आठ सेंटीमीटर जुनं रबर अजून जिवंत होतं. मामांनी ते कापलं, मी फोनवरून त्यांच्याकडून तीनदा मोजून घेतलं, तिसऱ्यांदा ते वैतागले. आणखी काही पद्मिनीवाले जमले. पहिला नमुना फार कडक निघाला, दुसऱ्याला दार एका बोटाने लागलं. पुढच्या काचेचं रबर अजून व्हायचंय, त्यामुळे येत्या पावसात गाडी ताडपत्रीखालीच राहील. तो जुना तुकडा आता साडीच्या खोक्यात आहे, नाव, जागा आणि तारीख लिहिलेल्या पाकिटात.

तुमच्या घरी अशी गाडी असेल तर या रविवारच्या फोनवर एवढंच सांगा: रबर बदलायला हरकत नाही, पण जुनं फेकायच्या आधी एक तुकडा कापून ठेवा आणि पट्टी शेजारी ठेवून फोटो पाठवा. गॅरेजमध्ये गाडी टाकताना मिस्त्रीलाही हेच सांगायचं, आणि ते गाडी देण्याआधी सांगायचं.